धुरपाक्काची साक्ष

नेमगोंडा आलासे यांनी कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि सौंदत्तीकर वकिलांच्या टेबलावर उघडली. आत चिमूट-दोन चिमूट तंबाखू होता. पंख्याच्या वाऱ्यानं त्याची भुकटी उडाली आणि खोलीतल्या आम्हा तिघांनाही शिंका आल्या.

"साहेब, तुम्हीच सांगा," नेमगोंडा म्हणाले. "हा बिडीचा का तपकिरीचा?"

सौंदत्तीकरांनी रुमालानं नाक पुसलं. "मला एवढंच कळतं की हा तंबाखू आहे."

"मग झालं तर. सरकारच्या लॅबोरेटरीनंही तेवढंच लिहून दिलंय."

ही १९७२ सालची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि कोल्हापुरात सौंदत्तीकरांच्या हाताखाली वकिली करत होते. वकिली करत होते म्हणजे अर्ज लिहीत होते, तारखा घेत होते, जुने निकाल शोधून खुणेच्या चिठ्ठ्या घालून ठेवत होते. तीन वर्षांत एकदाही कुणा अधिकाऱ्यापुढं किंवा न्यायाधीशापुढं उभं राहून मी बोलले नव्हते. अशील आत आले की माझ्याकडं बघून, "सौंदत्तीकर साहेब हाईत का, बाई?" असं विचारायचे आणि मी उठून आतलं दार उघडायची.

नेमगोंडा जयसिंगपूरचे तंबाखूचे व्यापारी. त्या काळी शेतातून आलेल्या पानाच्या तंबाखूवरही सरकारचा कर असायचा. बिडीच्या तंबाखूला जास्त, तपकिरीच्या तंबाखूला बराच कमी. त्यामुळं पोत्यात काय आहे यापेक्षा कागदावर काय आहे याला फार महत्त्व होतं. एक्साइज खात्याचे लोक जीपमधून यायचे. बाजारात त्यांना सगळे सरसकट कस्टमवालेच म्हणायचे. त्यांनी एका दुपारी नेमगोंडांच्या वखारीवर छापा घातला आणि शहाण्णव पोती जप्त केली. परवान्यावर माल तपकिरीचा लिहिलेला. खात्याचं म्हणणं, हा बिडीचाच आहे. नोटीस आली ती जास्तीचा कर भरा, दंड भरा, आणि माल कायमचा जप्त का करू नये व लायसन रद्द का करू नये याचं कारण दाखवा, अशी. लायसन गेलं तर वखारीचं दार बंद. तिथं चाळीस बायका चाळणीवर कामाला होत्या.

सौंदत्तीकरांनी पंचनामा दोनदा वाचला आणि माझ्याकडं सरकवला. मीही वाचला. मला त्यात लगेच एक भोक दिसलं. शहाण्णव पोत्यांपैकी खात्यानं नमुने फक्त चार पोत्यांचे घेतले होते. उरलेल्या ब्याण्णव पोत्यांत काय होतं ते कुणी बघितलंच नव्हतं. मी तसं म्हटल्यावर सौंदत्तीकरांनी मान डोलावली. त्यांच्याकडून एवढीच शाबासकी मिळायची.

"आणि ही कोण?" त्यांनी पंचनाम्याच्या शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, 'सदर माल धुरपदाबाई सनदी, धंदा तंबाखू पारख, यांनी वासावरून बिडीचा म्हणून ओळखला.' खाली अंगठा होता.

नेमगोंडांनी पुडी मिटून खिशात घातली. मग म्हणाले, "ती धुरपाक्का. दुसऱ्या वखारीत चाळणीवर मुकादम हाय. बाजारात कुठल्याही मालाबद्दल भांडण झालं की तिला बोलावत्यात. मीबी बोलावतो. ती बोलली की मिटलं."

"म्हणजे खात्याची खरी साक्षीदार हीच," सौंदत्तीकर म्हणाले. "हुपरीकर, जयसिंगपूरला जाऊन या. बाई कशी आहे, बोलते कशी, बघून या."

असा निरोप आजवर मला मिळाला नव्हता. मी दुसऱ्याच दिवशी सकाळची एसटी पकडली.

धुरपाक्काचं घर रेल्वेच्या रुळांपलीकडं होतं. पुढं एक खोली, मागं चूल. तिनं दार उघडलं तेव्हा मी नाव सांगितलं, आणि नेमगोंडा आलाशांच्या वकिलांकडून आले आहे हेही सांगितलं. मला वाटलं होतं ती दार लावून घेईल. ती म्हणाली, "मग बसा की. उनातनं आलायसा."

पन्नाशीची असेल. काळी, काटक, कपाळावर गोंदण. बोटं तंबाखूनं पिवळी झालेली. ती आत जाऊन चुलीवर दूध ठेवून आली आणि माझ्यासमोर भुईवर बसली. मी विचारलं की साक्षीबद्दल बोललं तर चालेल का. ती म्हणाली, चालंल की, जे सायबाला सांगायचं तेच तुम्हाला सांगायचं, त्यात दोन गोष्टी कुठं हाईत?

मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. नवव्या वर्षी आईबरोबर वखारीत गेली, नवरा लवकर गेला, चाळणीवर बसून एक मुलगी वाढवली, हे सगळं तिनं चार वाक्यांत आटोपलं. तंबाखूवर मात्र भरभरून बोलली. कुठल्या गावच्या जमिनीतलं पान कसं निघतं, दव पडायच्या आधी कापलेलं कसं, नंतरचं कसं. बिडीच्या मालाची कणी कशी बोटाखाली रवाळ लागते आणि तपकिरीचा माल कसा पिठासारखा मऊ पडतो. सांगताना तिचा अंगठा दोन बोटांवर सारखा फिरत होता, जणू चिमूट हातातच आहे. कुणाची तक्रार नाही, कुणाची बढाई नाही. मी एवढी चांगली साक्षीदार आधी पाहिली नव्हती, आणि आमच्या बाजूनं हे वाईट होतं.

तेवढ्यात मला करपल्याचा वास आला.

आधी थोडासा, मग चांगलाच. मागच्या खोलीतून निळसर धूर यायला लागला. चूल तिच्या पाठीमागं होती. ती मला पानाचा देठ कसा मोडून बघायचा ते सांगत होती. मी "दूध" असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. का मिटलं ते मला तेव्हाच पुरतं कळलं होतं, असं मी आज म्हणू शकते. मी तिच्या तोंडाकडं बघत बसले. ती बोलत होती. वास एवढा झाला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती बोलतच होती.

बाहेरून तिची मुलगी धावत आली. शालन तिचं नाव, विशीतली असेल. "आई, दूध!" म्हणत ती सरळ आत गेली आणि पातेलं खाली उतरवल्याचा आवाज आला. मग ती दारात आली. तिनं आईकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

"आईला सर्दी झालीया," ती म्हणाली.

"हो का," मी म्हटलं.

धुरपाक्कानं त्याच दुधाचा चहा केला. त्याला करपट वास होता. मी तो सगळा प्याले आणि चांगला झालाय म्हणाले. ती म्हणाली, साखर कमी पडली असंल, आमच्यात गोड कमीच पितात.

परतीच्या एसटीत मी हिशेब जुळवला. सर्दी झालेली बाई नाक ओढते, आवाज बसलेला असतो. तिचं तसं काही नव्हतं. चाळीस वर्षं तंबाखूच्या धुळीत बसून तिचं नाक गेलं होतं. ती हातानं पारख करत होती आणि बाजाराला वाटत होतं नाकानं करते. पंचनाम्यात तर स्पष्टच लिहिलं होतं, वासावरून.

सौंदत्तीकरांना मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. बाई साधी आहे, खरं बोलते, एवढंच म्हटलं. रात्रभर झोप लागली नाही असं काही झालं नाही. झोप चांगली लागली. सकाळी ऑफिसात आल्यावर सौंदत्तीकर म्हणाले की सुनावणीला नेहमीप्रमाणे ते उभे राहतील, मी नमुन्यांवरचे जुने निकाल काढून ठेवावेत. "नेहमीप्रमाणे" हा शब्द मला लागला. मग मी दुधाचं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ माझ्याकडं बघितलं. "हे तुम्ही शोधलंत," ते म्हणाले. "उलटतपासणी तुम्हीच घ्या."

मी म्हटलं, "पण सर, नमुन्यांच्या मुद्द्यावर आपण तसेही जिंकतो ना?"

"जिंकू. बहुतेक. पण एका दोरावर विहिरीत कोण उतरतं?"

एवढंच मी विचारलं होतं. तेवढ्यानं माझं समाधान झालं, किंवा करून घेतलं.

सुनावणी कोल्हापुरात खात्याच्या ऑफिसात होती. कोर्टासारखं काही नाही. एक लांब टेबल, हिरवं कापड, मागं कपाटं. सुनावणी घेणारे साहेब दक्षिणेकडचे होते. मराठी त्यांना चांगलं समजायचं, पण बोलायला कचरायचे. एका बाजूला जप्ती करणारे इन्स्पेक्टर, दुसऱ्या बाजूला आम्ही, कोपऱ्यात लिहून घेणारा कारकून, दाराशी शिपाई. नेमगोंडा भिंतीशी टोपी मांडीवर घेऊन बसले होते. शालन आईबरोबर आली होती. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, पण दार उघडंच होतं.

धुरपाक्का धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली होती. मला बघून ओळखीचं हसली. तिनं शपथ घेतली आणि इन्स्पेक्टरांच्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली. माल बघितला, ओळखला, बिडीचा होता.

मी उठले. मी तिला विचारलं, किती वर्षं हे काम करता? चाळीस. बाजारात तुमचं नाक प्रसिद्ध आहे ना? लोक म्हणत्यात तसं. पंचनाम्यात लिहिलंय की तुम्ही वासावरून माल ओळखला, ते बरोबर का?

ती थांबली. "लिहिलंय ते मला काय ठावं? मला वाचता येत न्हाई. मी माल बघितला आन् सांगितलं."

मी साहेबांना म्हटलं की साक्षीदाराची परीक्षा घ्यायला परवानगी असावी. माझ्या पिशवीत कागदाच्या दोन पुड्या होत्या. पुड्यांची कल्पना माझी होती. सौंदत्तीकरांनी ती ऐकून नुसतं हं म्हटलं होतं. दुसऱ्या पुडीत काय आहे ते मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

साहेबांनी मान हलवली. मी धुरपाक्काला म्हटलं, डोळे मिटा आणि हात न लावता नुसत्या वासानं सांगा.

"हाताला घेऊ द्या की, बाई."

"नाही. नुसता वास."

तिनं डोळे मिटले. मी पहिली पुडी उघडून तिच्या नाकाशी धरली. तिच्यात तंबाखू होता. ती म्हणाली, बिडीचा. बरोबर होतं ते, पण त्याला अर्थ नव्हता. दोनातलं एक कुणीही सांगेल. मग मी दुसरी पुडी उघडली.

तिच्यात हिंग होता. चांगला, उग्र, बांधानी हिंग, आदल्या दिवशी लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणलेला. पुडी उघडताच वास खोलीभर गेला. साहेबांनी मान मागं घेतली. कारकुनानं लिहिता लिहिता वर बघितलं. धुरपाक्का पुडीवर वाकली, तिनं दीर्घ श्वास घेतला. मग दुसरा घेतला. तिच्या कपाळावर आठी पडली. तिला कळलं असणार की काहीतरी बोललं पाहिजे.

"ह्यो तपकिरीचा असावा," ती म्हणाली.

दाराशी शिपाई खांद्यात तोंड घालून हसला. कारकूनही हसला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी इन्स्पेक्टरांकडं बघितलं आणि इन्स्पेक्टरांनी खाली बघितलं. धुरपाक्कानं डोळे उघडले. एकेकाच्या तोंडाकडं पाहून झाल्यावर तिनं हात पुढं केला आणि माझ्या हातातल्या पुडीतली चिमूट बोटांत धरली. अंगठा एकदाच फिरवला.

"हिंग हाय," ती म्हणाली. अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मग ती साहेबांकडं वळली. "साहेब, नाक गेलंय माझं. दोन वर्सं झाली. पण त्या पोत्यांतला माल बिडीचाच हाय. हातानं सांगितलंय मी ते. नाकानं न्हाई."

मी लगेच हरकत घेतली. साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नापलीकडचं हे बोलणं नोंदीत घेऊ नये, असं म्हटलं. आणि पंचनाम्यात 'वासावरून' हा शब्द इन्स्पेक्टरांनी स्वतःच्या मनानं घातला असेल, तर पंचनाम्यातलं बाकी काय काय मनानं घातलंय, असा प्रश्न केला. माझा आवाज चांगला लागला होता. मला अजून आठवतं, मला तो आवाज आवडला होता.

साहेबांनी नोंद घेऊ नका असं कारकुनाला सांगितलं.

बाहेर आले तेव्हा धुरपाक्का व्हरांड्यात उभी होती. शालन तिचा हात धरून होती आणि माझ्याकडं पाठ करून होती. मी पुढून निघून जाणार होते. धुरपाक्कानं हाक मारली.

"बाई, त्या दिवशी दूध लागलं हुतं?"

"हो."

"तुम्हाला वास आला हुता?"

"आला होता."

"मग सांगायचं तरी," ती म्हणाली. "चहा दुसरा केला असता. तसला करपट चहा पाव्हण्याला दिला मी."

शालननं तिला ओढत नेलं. तिच्या बोलण्यात राग असता तर मला उत्तर सुचलं असतं. राग नव्हता. तिला खरंच त्या चहाचं वाटत होतं.

दीड महिन्यानं निकाल आला. आम्ही जिंकलो होतो. कर तपकिरीच्या दरानं घ्यावा, दंड रद्द, माल परत, लायसन कायम. सौंदत्तीकरांनी निकाल मला मोठ्यानं वाचायला सांगितला, हा मान होता. चार पानं होती. त्यातली साडेतीन नमुन्यांवर होती. शहाण्णवांतल्या चार पोत्यांवरून उरलेल्या मालाबद्दल अनुमान काढता येणार नाही, सबब खात्याची मागणी टिकत नाही. मी नोटिशीच्या उत्तरात लिहिलेली वाक्यंच जवळजवळ जशीच्या तशी आली होती. शेवटच्या पानावर एक ओळ होती. 'वरील कारणास्तव साक्षीदार धुरपदाबाई सनदी यांच्या साक्षीचा विचार करण्याची आवश्यकता नाही.'

ती ओळ मी वाचली आणि थांबले. सौंदत्तीकर म्हणाले, "वाचा पुढं."

"संपलं, सर."

त्यांच्या ते लक्षात आलं असावं. ते म्हणाले, "हे आधी कुणाला ठाऊक असतं?" आणि दुसरं प्रकरण काढलं.

त्या आठवड्यात नेमगोंडा पेढे घेऊन आले. पहिल्यांदाच त्यांनी पेढे आधी माझ्या टेबलावर ठेवले. मी विचारलं, माल खरंच कसला होता? ते दाराकडं बघत म्हणाले, "आता ते विचारून काय करतायसा, बाई? बिडीचाच हुता. धुरपाक्काचा हात कधी चुकत न्हाई."

मी त्यांना तिच्याबद्दल विचारलं. ते म्हणाले की बाजारात बातमी त्याच संध्याकाळी पोचली. शिपायाचा मेव्हणा जयसिंगपूरचाच. हिंगाची गोष्ट वखारी-वखारीतून झाली. तिच्या मालकानं तिला पारखीवरून काढून पोती शिवायला बसवलं. काही पोरं ती जाताना हिंग हिंग म्हणून ओरडतात. आठ दिवस शिवली, मग आलीच नाही. तिला आता कुणी बोलावत नाही. "मीबी न्हाई बोलवू शकत," ते म्हणाले. "बोलावलं तर लोक म्हणतील, कोर्टात हिचंच नाक कापलंत आणि आता हिलाच बोलावतायसा." पेढा त्यांनीही खाल्ला नाही.

मला त्यानंतर स्वतंत्र प्रकरणं मिळायला लागली. तंबाखूचे व्यापारी लांबून यायचे, "हुपरीकर बाई हाईत का?" असं विचारायचे. हिंगाची गोष्ट त्यांना माहीत असायची. काहीजण ती मलाच रंगवून सांगायचे.

सुनावणीनंतर सहा महिन्यांनी मी जयसिंगपूरला गेले. हात रिकामे नव्हते. मी महिनाभर कायदा वाचला होता. धंद्यामुळं आजार जडला, कामाच्या ठिकाणच्या धुळीनं एखादं इंद्रिय निकामी झालं, तर मालकाकडून नुकसानभरपाई मागता येईल, असा अर्ज मी तयार केला होता. फी न घेता चालवणार होते. सौंदत्तीकरांनाही विचारलं नव्हतं. तो अर्ज मी एवढा मन लावून लिहिला होता की, वाटेत एसटीत काढून पुन्हा वाचला आणि चांगला जमलाय असं मला वाटलं.

धुरपाक्का घरीच होती. शेवया वळत होती. लोकांच्या घरच्या शेवया करून द्यायचं काम तिनं धरलं होतं. शालन आतून आली, मला बघितलं आणि न बोलता बाहेर निघून गेली. धुरपाक्का म्हणाली, बसा. मी बसले. आधी माफी मागायची ठरवलं होतं, पण मी सुरुवात अर्जापासून केली. ते मला सोपं होतं. तिनं शेवया वळता वळता सगळं ऐकून घेतलं. धूळ, डॉक्टरचा दाखला, मालक, तारखा.

"आणि मला काय करायला लागंल?" तिनं विचारलं.

"काही नाही. डॉक्टरांकडं एकदा तपासून घ्यायचं. आणि साहेबांपुढं एकदा येऊन सांगायचं."

"काय सांगायचं?"

"की तुम्हाला वास येत नाही म्हणून."

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा पिठाकडं बघितलं.

"ते एकदा सांगून झालंय की," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंसा. आता परत कशाला?"

मी म्हटलं, तेव्हाची गोष्ट वेगळी होती, आता ते तुमच्या बाजूनं सांगायचं आहे. ती म्हणाली, बाजू तुम्हा वकिलांना असत्यात. मला परत त्या टेबलापुढं उभं राहायचं न्हाई. डोळं मिटून तर मुळीच न्हाई.

मग मी माफी मागितली. कशी मागितली ते आता आठवत नाही, शब्द फार जमले नव्हते एवढं आठवतं. मी तिला निकालातली शेवटची ओळही सांगितली, की तिच्या साक्षीची गरजच पडली नव्हती. का सांगितली कोण जाणे. तिला खोटं ठरवलेलं नाही हे तिला कळावं, असं मला वाटलं असावं.

"म्हंजे ते सगळं नसतं केलं तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"हो."

तिनं पिठाचा गोळा झाकून ठेवला, हात धुतले आणि म्हणाली की पाचची एसटी गेली तर पुढची उशिरा आहे, चला, सोडायला येते. मी नको म्हटलं तरी ती आली. रूळ ओलांडून आम्ही बाजारातून चाललो. वखारी सुटायची वेळ होती. बायका डोक्यावरची, लुगड्यावरची धूळ झटकत घोळक्यानं बाहेर पडत होत्या. त्यांतल्या एकीनं आम्हाला बघून धुरपाक्काला अडवलं.

"कोण गं, आक्का, ह्या?"

माझ्या काखेत वकिलाची बॅग होती. कोल्हापूरच्या एका वकील बाईनं धुरपाक्काला हिंग हुंगायला लावला, हे त्या घोळक्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं. नाव सांगायची गरज नव्हती, नुसतं "कोल्हापूरच्या वकील बाई" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. धुरपाक्कानं एकदा माझ्याकडं बघितलं.

"पाव्हण्या हाईत माझ्या," ती म्हणाली. "एसटीला सोडायला चाललीया."

ती बाई माझ्याकडं बघून हसली. आक्काकडं आलात, बरं केलंत, म्हणाली, हल्ली कुणी येत न्हाई तिच्याकडं. मी कोण आहे ते सांगायला मला तिथं कुणीही अडवलं नव्हतं. मी मान हलवली आणि पुढं चालू लागले.

पुढं पाच-सहा वर्षांत सरकारनं पानाच्या तंबाखूवरचा तो कर काढूनच टाकला. बिडीचा काय आणि तपकिरीचा काय, हा प्रश्नच उरला नाही. त्या आधी दोन वर्षं धुरपाक्का इचलकरंजीला शालनच्या घरी वारली, असं नेमगोंडांनी सांगितलं. मला कळलं तोवर तेरावाही होऊन गेला होता. त्या संध्याकाळी एसटीच्या दाराशी उभी राहून ती मला म्हणाली होती, "परत येताना आधी कळवा, बाई. म्हंजे दूध सांगून ठिवंन." मी कळवलं नाही, आणि गेलेही नाही.